आयएसओ सर्टिफिकेट साडेसात हजारांत, तेही तीन दिवसांत! घ्यावं का?

चटईवाला_जळगाव | सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा आज पहिल्यांदा काढतोय. सांभाळून घ्या.

जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटईचा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. एक एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून बाहेर काढणारं यंत्र), सहा लूम (माग), कटिंग-शिलाईला बायका, सगळी मिळून 22 माणसं. आजवर माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आखातात जायचा. आता दुबईच्या एका पार्टीने थेट आमच्याकडे विचारणा केलीय. नमुने पसंत पडले, भाव पटला आणि शेवटच्या मेलमध्ये एक ओळ आली : आयएसओ 9001 चं (कामाच्या दर्जाच्या पद्धतीचं) सर्टिफिकेट पाठवा, आयएएफच्या मान्यतेखालचं असलं पाहिजे.

दोन ठिकाणी चौकशी केली. पहिला कन्सल्टंट म्हणाला, 7,500 रुपये, तीन दिवस, कोणी येणार नाही, जीएसटी नंबर आणि लेटरहेड तेवढं व्हॉट्सअ‍ॅप करा. दुसरीकडे सांगितलं की तीन-चार महिने लागतील, ऑडिटर येऊन बसतील, दरवर्षी परत येतील, दरवर्षी फी. खर्च पहिल्याच्या दहापटीच्या वर.

वडिलांचं म्हणणं, "त्याला कागदच पाहिजे ना? मग महागाचा कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही कागदांवर आयएसओ 9001 च लिहिलेलं असणार. मग हे देतं कोण आणि फरक नक्की कशात?

---

वरणबट्टी | सोमवार, रात्री 10:52

फ्रेम धरून साडेसात की फ्रेमचे वेगळे, ते आधी विचारून घ्या. बाकी जाणकार येईपर्यंत रुमाल टाकून ठेवतो.

---

पुणेरी_खान्देशी | सोमवार, रात्री 11:15

आयएसओची कचेरी जिनिव्हाला आहे. सर्टिफिकेट तिथूनच येत असणार, हे मधले लोक एजंट असतील. सरळ जिनिव्हालाच मेल टाका ना.

---

तापीकाठ | मंगळवार, सकाळी 7:05

पुणेरी, जिनिव्हाहून तुम्हाला नम्र नकार येईल. आयएसओ कोणालाच सर्टिफिकेट देत नाही. 1947 पासून त्यांचं काम एकच, मानकं लिहिणं. देशोदेशीच्या मानक संस्था त्यांच्या सदस्य, आपल्याकडून भारतीय मानक ब्यूरो. स्वतःचा लोगो सर्टिफिकेटवर छापायलाही ते मनाई करतात. त्यामुळे कोणाच्या कागदावर आयएसओचा तो पृथ्वीगोल दिसला तर तिथेच एक भुवई वर जाऊ द्या.

मी भुसावळचा. पंधरा-सोळा वर्षं लीड ऑडिटर म्हणून फिरलो, आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे घरी. चटईवाले, तुमच्या वडिलांचा प्रश्न चांगला आहे. नीट उत्तर देतो.

उतरंड अशी डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत खाली तुमचा कारखाना. त्यावर सर्टिफिकेशन बॉडी, म्हणजे जिचा ऑडिटर तुमच्याकडे येतो आणि जिच्या नावाने सर्टिफिकेट निघतं. ही बहुतेक वेळा खासगी कंपनी असते. तिने कसं वागायचं याचंही मानक आहे, आयएसओ/आयईसी 17021-1. ती तसं वागते की नाही हे बघते अ‍ॅक्रेडिटेशन बॉडी. आपल्याकडे ते काम एनएबीसीबी करतं. ते 1997 साली स्थापन झालेल्या क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं मंडळ आहे. ब्रिटनमध्ये यूकेएएस, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जॅस-अँझ. यांनी कसं वागायचं त्याचं मानक 17011. आणि या देशोदेशीच्या अ‍ॅक्रेडिटेशन बॉड्या एकमेकींची तपासणी करतात आणि एकमेकींचं काम मान्य करतात, त्या कराराची जागा म्हणजे आयएएफ, 1993 साली सुरू झालेला आणि 2026 पासून ग्लोबल अ‍ॅक्रेडिटेशन कोऑपरेशन या नव्या संस्थेत विलीन झालेला इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन फोरम. दुबईवाल्याला कळीचा शब्द तोच आहे. जळगावात कोणी काय तपासलं हे त्याला बघता येत नाही. पण त्याच्या देशातली यंत्रणा ज्या यंत्रणेला मानते, तिने या तपासणाऱ्यावर लक्ष ठेवलंय, एवढं त्याला पुरतं.

साडेसात हजारवाला यातली फक्त एक पायरी दाखवतो. बाकीच्या पायऱ्या भिंतीवर रंगवलेल्या असतात.

---

खडूस_म्हातारा | मंगळवार, सकाळी 9:30

म्हणजे तपासणारा, त्याला तपासणारा, त्यालाही तपासणारे, आणि सगळ्यात वरचे एकमेकांची पाठ खाजवणारे. आणि बिल सगळ्यात खालच्याच्या नावावर. छान.

तापीकाठ, ऑडिटरची फी ज्याचं ऑडिट त्यानेच द्यायची. परीक्षकाला विद्यार्थ्याने पगार दिला तर नापास कोण करणार?

---

तापीकाठ | मंगळवार, सकाळी 10:12

खडूसबुवा, नेमकं दुखऱ्या ठिकाणी बोट ठेवलंत. ही या धंद्यातली जन्मखोड आहे, नाकारत नाही. म्हणूनच 17021 मध्ये निःपक्षपातीपणावर एवढी कलमं आहेत. सर्टिफिकेशन बॉडीने सल्लागारी करायची नाही. तुमचं अंतर्गत ऑडिट तिने करून दिलं असेल तर पुढची दोन वर्षं तुम्हाला सर्टिफिकेट द्यायचं नाही. आणि जो ऑडिटर तुमच्याकडे येऊन गेला, सर्टिफिकेट द्यायचं की नाही हा निर्णय तो घेतच नाही. तो अहवाल लिहितो, निर्णय ऑडिटमध्ये नसलेला दुसरा माणूस घेतो.

वरून अ‍ॅक्रेडिटेशन बॉडीचा माणूस कधीतरी ऑडिटरच्याच मागे येऊन बसतो. त्याला विटनेस ऑडिट म्हणतात. माझं एक झालं होतं एका डाळमिलमध्ये. दिल्लीहून आलेले गृहस्थ कोपऱ्यात वही घेऊन बसले, दिवसभरात तोंडातून शब्द नाही. मी आपला मोठ्या थाटात फायली चाळतोय, सह्या बघतोय. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "आपण ऑफिसात किती वेळ होतात आणि चाळणीपाशी किती?" मी हिशेब केला. ऑफिसात अडीच तास, चाळणीपाशी वीस मिनिटं. त्यांनी ते लिहून नेलं आणि माझ्या कंपनीला त्यावर खुलासा द्यावा लागला. त्या दिवसापासून मी कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी माल बघायचो, मग चहा.

---

सराफ_बाजार | मंगळवार, दुपारी 12:20

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो, जळगावकरांना लगेच कळेल. हॉलमार्क सराफ स्वतः मारत नाही. माल हॉलमार्किंग केंद्रात जातो, तिथे कस लागतो. त्या केंद्राला मानक ब्यूरोची मान्यता लागते. 2021 च्या जूनपासून हॉलमार्क सक्तीचा झाला, आता प्रत्येक डागावर (म्हणजे दागिन्यावर) सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, गिऱ्हाईक मोबाइलवर टाकून बघतं. आयएसओही तसंच समजायचं का?

---

नीलिमा_क्यूए | मंगळवार, दुपारी 1:05

सराफदादा, अर्धं बरोबर. मान्यतेची साखळी तशीच आहे. पण हॉलमार्क डागाचा असतो. ती बांगडी तपासली गेली, ती 22 कॅरेट आहे. आयएसओ 9001 मालाबद्दल काहीच बोलत नाही. ते सांगतं की हा कारखाना काम कसं ठरवतो, ठरवल्याप्रमाणे करतो का, चूक झाली तर कारण शोधून ती परत होऊ नये म्हणून काय करतो. म्हणून तो शिक्का मालाच्या पॅकिंगवर छापता येत नाही. मालावर शिक्का हवा असेल तर त्याची वाट वेगळी. पीव्हीसी पाइपवरचा आयएसआय मार्क बघा, पिण्याच्या पाण्याच्या पाइपला आयएस 4985. ते मालाचं प्रमाणपत्र.

मी जळगावातच एका पाइप कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्हींचे ऑडिटर वेगळ्या नजरेने बघतात. आयएसआयवाले पाइप कापून नमुना नेतात. 9001 वाला विचारतो, "मागच्या मार्चमध्ये ही तक्रार आली, मग पुढे काय केलंत?" खरं सांगू, दुसऱ्या प्रश्नाला घाम जास्त फुटतो.

---

शुद्धलेखन_काका | मंगळवार, दुपारी 3:40

धाग्यावर 'सर्टिफिकेशन' आणि 'अ‍ॅक्रेडिटेशन' पाहून राहवलं नाही. मराठी वर्तमानपत्रं सगळ्यालाच 'आयएसओ मानांकन' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मानक म्हणजे ठरवून दिलेली अपेक्षा. कारखान्याला मिळतं ते प्रमाणन. प्रमाणन करणाऱ्याला मिळते ती अधिस्वीकृती. नॅकच्या नावातला 'मूल्यांकन व अधिस्वीकृती' हा शब्दप्रयोग आठवा. मानांकन म्हटलं की हॉटेलच्या ताऱ्यांसारखं गुण दिल्यासारखं वाटतं. 9001 मध्ये गुण नसतात, तारे नसतात.

---

वरणबट्टी | मंगळवार, दुपारी 3:48

काका, दुबईला 'अधिस्वीकृत प्रमाणन' असं लिहून पाठवलं तर ऑर्डर अबुधाबीला जाईल.

---

मास्तर_साक्री | मंगळवार, रात्री 9:10

आमचंही थोडं ऐका. मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. काही वर्षांपूर्वी आयएसओ शाळांची लाट आली होती, आठवत असेल. आमच्या गावाने लोकवर्गणी काढली. भिंती रंगवल्या, पाढे, नकाशे, बोलक्या भिंती. नळाला पाणी आलं, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आलं. मग एक साहेब आले, दोन तास फिरले, फोटो काढले, सर्टिफिकेट दिलं. गेटवर पाटी : 'आयएसओ मानांकित शाळा'. त्यानंतर ते साहेब परत कधीच आले नाहीत. सर्टिफिकेटची मुदत केव्हाच संपली, पाटी अजून आहे. रंगसुद्धा उडाला नाही, चांगला ऑइलपेंट होता.

वरचं सगळं वाचून आज कपाटातून ते सर्टिफिकेट काढलं. खाली बारीक अक्षरात कुठल्यातरी परदेशी 'अ‍ॅक्रेडिटेशन' संस्थेचं नाव आहे. आयएएफच्या यादीत शोधलं, नाही सापडलं.

तरी सांगतो, मला वाईट वाटत नाही. दार आलं, पाणी आलं. त्या कागदाच्या निमित्ताने गाव शाळेत शिरलं.

---

सातपुड्याचा_वारा | मंगळवार, रात्री 9:33

मास्तर, आमना गावनी ग्रामपंचायतले बी आयएसओ शे. नळले पानी मात्र आठ दिनमा एकदाव येस!

---

खडूस_म्हातारा | मंगळवार, रात्री 9:50

मास्तर, वर्गणी थेट दाराला दिली असती तर दोन दारं झाली असती.

---

मास्तर_साक्री | मंगळवार, रात्री 10:20

आजोबा, दाराला वर्गणी मागत मी आधी तीन वर्षं हिंडलो होतो. कोणी दिली नाही. 'आयएसओ' म्हटल्यावर पंधरा दिवसांत जमली. माणसाचा स्वभाव, काय करणार?

---

तापीकाठ | बुधवार, सकाळी 6:50

मास्तरांचा प्रतिसाद मनाला लागला. खऱ्या सर्टिफिकेटचं चक्र तीन वर्षांचं असतं. सुरुवातीला स्टेज 1 (तयारी बघायला), मग स्टेज 2 (पूर्ण तपासणी), सर्टिफिकेट मिळाल्यावर बारा महिन्यांच्या आत पहिलं पाळत-ऑडिट, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं, आणि मुदत संपायच्या आत पुन्हा प्रमाणनाचं ऑडिट. तुमचे साहेब परत आले नाहीत यातच सगळं आलं. तसं शैक्षणिक संस्थांसाठी 2018 पासून आयएसओ 21001 असं वेगळं मानकही आहे.

चटईवाले, तुमच्या 22 माणसांचा हिशेब सांगतो. किती माणसांना ऑडिटचे किती दिवस, याचा तक्ताच आयएएफने दिला आहे, एमडी 5 नावाच्या दस्तऐवजात. 16 ते 25 माणसांना 9001 साठी सुरुवातीच्या ऑडिटला, म्हणजे दोन्ही स्टेज मिळून, 3 दिवस. कामाच्या गुंतागुंतीप्रमाणे थोडं कमी-जास्त करता येतं, पण शून्य करता येत नाही. दरवर्षीच्या पाळत-ऑडिटला त्याच्या साधारण एक तृतीयांश. कोणी म्हणाला 'यायची गरज नाही', तर विषय तिथेच संपला.

---

केळीचा_घड | बुधवार, सकाळी 8:25

रावेरहून राम राम. केळीच्या एक्स्पोर्टमुळे आम्हालाही हे सगळं पाठ झालंय. युरोपच्या दुकानदारांना ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं सर्टिफिकेट लागतं. 2007 च्या आधी त्याचं नाव युरेपगॅप होतं. एकेकट्या शेतकऱ्याला खर्च झेपत नाही म्हणून आम्ही गट केला. गटाच्या सर्टिफिकेटमध्ये आपलीच अंतर्गत तपासणी असते, प्रत्येक शेताची. बाहेरचा इन्स्पेक्टर येतो तो सभासदसंख्येच्या वर्गमुळाएवढी शेतं बघतो. आमचे 49 शेतकरी, म्हणजे 7 शेतं. आणि कुठली 7 ते तो ठरवतो! पहिल्या वर्षी एकाच्या शेडमध्ये औषधांच्या डब्यांशेजारी शिदोरीचा डबा सापडला. सापडला नेमका आमच्या अध्यक्षांच्याच शेतात. अजून चिडवतो.

अवांतर : जळगावच्या केळीला 2016 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा इथे लोक म्हणत होते, 'केळीला आयएसओ मिळालं'. जीआय चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातून मिळतं, या मुलखाचा माल म्हणून. त्याचा आयएसओशी काही संबंध नाही.

---

वरणबट्टी | बुधवार, सकाळी 8:31

जीआय भरिताच्या वांग्यालाही आहे बरं का! बोलायचं तर वांग्यावर बोला.

---

नीलिमा_क्यूए | बुधवार, दुपारी 2:15

भरितावरून आठवलं. आमच्या पहिल्या ऑडिटला मालकांनी ऑडिटरसाठी भरीत-पुरीचा बेत केला होता, शेतावर, काड्यांवर भाजलेली वांगी. ऑडिटर बाई म्हणाल्या, "कँटीनमध्ये कामगार जे जेवतात तेच मला वाढा." मालक दिवसभर नाराज. कँटीनमध्ये त्या दिवशी शेवभाजी होती. बाईंनी जेवता जेवता वाढप्याला विचारलं, "पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली?" झालं, तिथून एक निरीक्षण निघालंच.

दुसरं सांगायचंय ते जास्त कामाचं. बरेच कन्सल्टंट अजून 2008 च्या आवृत्तीचा मॅन्युअल नाव बदलून विकतात. 9001 पहिल्यांदा आलं 1987 ला, मग 1994, 2000, 2008 आणि 2015 ला सुधारलं. 2015 मध्ये 'क्वालिटी मॅन्युअल पाहिजेच' ही अट गेली आणि 'मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमाच' हीसुद्धा गेली. जोखमीचा विचार आला. तुम्हाला कोणी 200 पानांचा जाड मॅन्युअल दिला, त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव एखाद्या पानावर राहून गेलेलं असतंच. आमच्याकडे आलेल्यात पाइपच्या कारखान्याला 'रुग्णांच्या तक्रारी' असं एक प्रकरण होतं.

---

पुणेरी_खान्देशी | बुधवार, दुपारी 2:40

हसून हसून पुरेवाट! बरं, 2024 मध्ये हवामान बदलाचं काहीतरी घातलं ना त्यात? चटईला काय त्याचं?

---

नीलिमा_क्यूए | बुधवार, दुपारी 3:05

हो, 2024 च्या फेब्रुवारीत कलम 4.1 आणि 4.2 ला छोटी भर पडली. हवामान बदल तुमच्या कामाशी संबंधित आहे का, याचा विचार करा, एवढंच. आमच्या मालकांनी ऑडिटरला उत्तर दिलं, "मे महिन्यात दुपारी दोन वाजता एक्स्ट्रुडरशेजारी पाच मिनिटं उभे राहा, मग विचारा." ऑडिटर उभे राहिले. बाहेर पारा 45 ला. त्यांनीच मग अहवालात लिहिलं की उन्हाळ्यात पाळीच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा. आता मेमध्ये आमची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते.

---

लॅबवाला_धुळे | बुधवार, सायंकाळी 6:30

एक बारकावा राहिलाय. प्रयोगशाळांना सर्टिफिकेट नसतं, थेट अधिस्वीकृती असते (काका खूश!). तपासणी आणि कॅलिब्रेशनच्या (मोजायची साधनं बरोबर मोजतात का ते पडताळण्याच्या) लॅबला 17025, रक्त-लघवीच्या लॅबला 15189, आणि आपल्याकडे ती देतं एनएबीएल. कारण लॅबमध्ये 'पद्धत पाळता का' एवढ्यावर भागत नाही, 'हे मोजमाप बरोबर करता येतं का' हे बघावं लागतं.

चटईवाल्यांना सांगायचं म्हणजे, ऑडिटर तुमच्या काट्यांचं आणि टेपांचं कॅलिब्रेशन विचारणार. कलम 7.1.5. काटा आम्ही वजनांनी तपासतो, आमची वजनं आमच्याहून अचूक लॅबमध्ये जातात, आणि ही साखळी चढत चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकापर्यंत पोचते. आत्ताच सगळं गोळा करून बघा, शेवटच्या दिवशी पळापळ होते.

---

खडूस_म्हातारा | बुधवार, रात्री 8:00

लॅबवाले, गिऱ्हाईक मिळवायची ही पद्धत कुठल्या कलमात बसते?

---

लॅबवाला_धुळे | बुधवार, रात्री 8:04

8.2.1, ग्राहकाशी संवाद. :)

---

चटईवाला_जळगाव | शनिवार, रात्री 11:20

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हेच केलं.

साडेसात हजारवाल्याकडून नमुन्याचं सर्टिफिकेट मागवलं. खाली अ‍ॅक्रेडिटेशनचा मोठा गोल शिक्का, सोनेरी. ती संस्था आयएएफच्या यादीत नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, यादीत नसलं तरी आंतरराष्ट्रीय आहे." शिक्क्यातला पत्ता मात्र इंग्लंडचा होता, तेवढं आंतरराष्ट्रीय मान्य.

मग मधल्या दराचा एक तिसरा सापडला. त्यांचं नाव एनएबीसीबीच्या साइटवर होतं, मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग तापीकाठ काकांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं तसं व्याप्ती, म्हणजे कुठल्या धंद्यांसाठी त्यांना मान्यता आहे ती यादी, उघडून बघितली. आमचा धंदा 'रबर आणि प्लास्टिकच्या वस्तू', आयएएफ कोड 14. त्यांच्या व्याप्तीत 14 नाहीच. अन्नपदार्थ आहे, शिक्षण आहे (मास्तर!), 14 नाही. त्यांनी आम्हाला सर्टिफिकेट दिलं असतं, पण त्यावर मान्यतेचं चिन्ह आलं नसतं.

शेवटी पहिल्यापासूनचे महागवालेच ठरवले. त्यांची व्याप्ती तपासली, 14 आहे. सर्टिफिकेट दिल्यावर आयएएफच्या सर्टसर्च या ऑनलाइन यादीवर ते नोंदवणार, म्हणजे दुबईवाला बसल्या जागी बघू शकेल. वडिलांना हे सगळं मोबाइलवर दाखवलं. म्हणाले, "सोनाराचा शिक्का आणि शिक्क्याचा सोनार, दोन्ही बघायचे म्हणजे." सराफदादा, तुमचंच उदाहरण वापरलं.

---

सराफ_बाजार | रविवार, सकाळी 9:00

वडिलांना नमस्कार सांगा. आता दुबईहून येताना... असू दे.

---

चटईवाला_जळगाव | 3 महिन्यांनंतर, रविवार, रात्री 9:45

धागा वर काढतोय. परवा स्टेज 1 झालं.

ऑडिटर सकाळी नऊला आले, आणि तापीकाठ काका, चहा घ्यायच्या आधी शेडमध्ये गेले! फायली आम्ही टेबलावर लावून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. कटिंगच्या टेबलापाशी थांबले. तिथे एक ताई 4 बाय 6 ची चटई मोजत होत्या. ऑडिटरांनी पाहिलं की त्या टेपचा 2 इंचाचा आकडा चटईच्या कडेला धरतात. विचारलं, असं का? ताई म्हणाल्या, "पुढचा तुकडा तुटलाय ना भाऊ. दोन पासून धरायचं आणि दोन जास्त मोजायचे. सगळ्यांना माहीतय."

ऑडिटरांनी विचारलं, "नवीन कोणी आलं तर?"

मी गप्प. गेल्या दिवाळीआधी दोन मुली नव्या लागल्या होत्या. आणि त्याच महिन्यातल्या मालाबद्दल मुंबईच्या व्यापाऱ्याची तक्रार आली होती की काही गठ्ठ्यांतल्या चटया दोन इंच कमी भरतात. तेव्हा आम्ही त्याला भावात सूट दिली, दोन फोनवर गोड बोललो आणि विषय मिटवला. दोन इंच कुठे गेले हे कोणी शोधलंच नाही. मी लूमच्या मिस्त्रीवर ओरडलो होतो, ते वेगळं.

त्यांनी चिंतेची बाब म्हणून लिहून ठेवलंय, स्टेज 2 ला तशीच दिसली तर नॉन-कन्फर्मिटी (मानकाप्रमाणे नसल्याची नोंद) होईल. तक्रारींची वहीही नाही, तेही लिहिलंय. बाकी तीन-चार किरकोळ गोष्टी. स्टेज 2 पुढच्या महिन्यात.

दुसऱ्या दिवशी चार नव्या टेपा आणल्या, लॅबमधून कॅलिब्रेशन करून घेतल्या, नंबर टाकले. मिस्त्रीची माफी मागितली. तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हनत होतो, लूम बरोबर शे."

जुनी टेप मी टाकून देत होतो. वडिलांनी हातातून घेतली. ही त्यांची पहिली टेप, कारखाना सुरू केला त्या दिवसाची. टाकायची नाही म्हणाले. मी म्हटलं, शेडमध्ये ठेवता येणार नाही, कोणीतरी वापरेल. तर मार्कर घेतला, तिच्या डबीवर स्वतःच्या अक्षरात 'वापरू नये' असं लिहिलं आणि घरी देव्हाऱ्याखालच्या खणात नेऊन ठेवली.

---

नीलिमा_क्यूए | रविवार, रात्री 10:02

मिस्त्रीची माफी मागितलीत हे बेस्ट. तक्रारवहीत पहिली नोंद त्या दोन इंचांचीच करा, जुन्या तारखेने नको, आजच्याच तारखेने. कारण आणि उपाय दोन्ही तयार आहेत तुमच्याकडे.

---

तापीकाठ | सोमवार, सकाळी 6:40

आणि मोजणाऱ्या सगळ्या ताईंना नव्या टेपेवर मोजायला लावा एकदा. हाताला दोनची सवय लागलेली असते. आता चटया दोन इंच जास्त भरायच्या!

---

वरणबट्टी | सोमवार, सकाळी 7:15

मग दुबईवाला खूश. स्टेज 2 नंतर भरीत कधी ते बोला.

---

केळीचा_घड | सोमवार, सकाळी 8:10

चटईवाले, कॅलिब्रेशन कुठे केलंत? आमच्या पॅकहाउसच्या काट्याची तारीख उलटून गेलीय, आत्ता तुमचं वाचून बघितलं.

---

चटईवाला_जळगाव | सोमवार, सकाळी 8:30

व्यनि केलाय.